मन्हा घर शे

भडगावकडे घरात नवी वस्तू घ्यायची झाली की माणूस आधी दुकानात जात नाही. तो शेजारी जातो, नात्यात जातो, ओट्यावर बसलेल्या ओळखीच्या माणसाला गाठतो आणि विचारतो, ‘तुम्हना घर शे का?’ तुमच्या घरी आहे का, एवढाच प्रश्न. समोरचा ‘मन्हा घर शे’ म्हणाला की निम्मं काम झालं. दुकानदाराने मग गॅरंटीचं कार्ड नाचवलं काय आणि नाही नाचवलं काय, घेणाऱ्याचं त्याकडे फारसं लक्ष नसतं.

प्रशीलचे वडील सुपडूभाऊ बसस्टँडजवळच्या टपरीत मिक्सर, पंखे, रेडिओ दुरुस्त करायचे. अशा माणसाला हा प्रश्न दिवसातून दहादा यायचा. पण सुपडूभाऊ भारी हेकट. वस्तू स्वतःच्या घरात वर्षभर चालली असेल तरच हो म्हणायचे. नाहीतर ‘मन्हा घर नही शे, माले काय माहीत’ एवढं बोलून खाली मान घालून तारांना डाग देत बसायचे. एकदा एका दुकानदाराने मोठ्या प्रेमाने नवा मिक्सर घरी पाठवला. वापरून बघा आणि चार लोकांना सांगा, म्हणाला. सुपडूभाऊंनी तो ठेवून घेतला आणि लोकांना सांगितलं, ‘पुढला साली इचारा.’ त्या दुकानदाराने पुन्हा त्यांच्याकडे तोंड केलं नाही. लिलाबाई, म्हणजे प्रशीलची आई, हा किस्सा नवऱ्याच्या माघारी अजून सांगतात आणि सांगताना हसतात, पण हसण्यात अभिमानच जास्त असतो.

सुपडूभाऊ गेले आणि टपरीवर प्रशील बसू लागला. हात बापाचाच, पण तोंड बापासारखं बंद नव्हतं. बोलायला लागला की गिऱ्हाईक मिक्सर विसरून ऐकत बसायचं. एक दिवस बायको, शिल्पा, म्हणाली, ‘एवढं बोलता तर मोबाईलसमोर बोला, चार लोक तरी ऐकतील.’ ती चेष्टेत म्हणाली होती. याने खरंच चॅनल काढलं आणि नाव ठेवलं ‘मन्हा घर शे’.

पहिला व्हिडिओ मिक्सरचाच होता. तो करायला त्याने सहा आठवडे घेतले. शिल्पाने त्यात भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटला, मिरची दळली, शेंगदाण्याचा कूट केला. मग प्रशील मोबाईलसमोर बसून अस्सल खान्देशीत बोलला, की भांडं चांगलं आहे, मोटर तापत नाही, पण झाकणातून पाणी झिरपतं, तेव्हा ओला मसाला वाटताना वरून फडकं धरा. झाकण झिरपतं हे सांगणारा माणूस लोकांनी मोबाईलवर प्रथमच पाहिला असावा. पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत तो व्हिडिओ फिरला. सासरी गेलेल्या मुलींनी माहेरी पाठवला, माहेरच्यांनी आणखी कुणाला.

व्हिडिओखाली त्याने लिंक द्यायला सुरुवात केली. त्या लिंकवरून कुणी वस्तू मागवली की विकणारी कंपनी याला थोडं कमिशन देणार. यात वावगं काही नव्हतं. वापरलेली वस्तू सांगितली, त्यातली खोट सांगितली, त्याबद्दल चार पैसे मिळाले तर कुणाचं काय गेलं?

बिघडलं ते हळूहळू. कंपन्या आठवड्याला एक वस्तू पाठवू लागल्या आणि आठवड्यात सहा आठवडे बसत नाहीत. आधी पंधरा दिवस वापरून बोलला, मग दोन दिवस. मग खोकं उघडायचं, वस्तू टेबलावर ठेवून व्हिडिओ काढायचा आणि पुन्हा खोक्यात घालून परत पाठवायची, असं सुरू झालं. बोलायचं काय, तर कंपनीने पाठवलेला कागद आणि इतर लोकांनी नेटवर लिहिलेलं वाचून, त्याचं खान्देशी करून. कागदावर ‘टिकाऊ’ असेल तर हा म्हणायचा, ‘पडनं तरी फुटत नही.’ पाडून कोण बघतंय.

एकदा शिल्पा त्या खोक्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, ‘यातलं वापरलं कुणी?’

‘वापरलं असं मी कुठे म्हणतो?’ प्रशील म्हणाला. ‘मी म्हणतो, मन्हा घर शे. आहे ना घरात? हे काय समोर.’

शिल्पा खोकी भिंतीला लावू लागली. तो मात्र स्वतःच्या उत्तरावर खूश झाला. ही पळवाट त्याला फार आवडली, कारण तिच्यात खोटं असं सापडत नव्हतं. खोकं तीन दिवस घरात असायचं. त्या तीन दिवसांत तो व्हिडिओ काढायचा. शब्द तंतोतंत खरा. बापाने आयुष्यभर जपलेला शब्द पोराने असा आतून पोखरला, आणि वरून तो जसाच्या तसा दिसत होता.

दिवाळीनंतर कानाचं मशीन आलं. बोटाच्या पेराएवढं, कातडीच्या रंगाचं, कानात बसवायचं. प्रशीलने आईलाच खुर्चीवर बसवलं. लिलाबाईंचे कान असे तीक्ष्ण, की दूधवाल्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्या पातेलं घेऊन उठतात. पण व्हिडिओला म्हातारं माणूस हवं होतं. त्याने मशीन आईच्या कानात घातलं. ते चार्जसुद्धा केलेलं नव्हतं.

‘माय, मी हळू बोलस, तू मान हालाव,’ तो म्हणाला.

‘माले तसं बी आयकू येस ना रे.’

‘येस म्हनीसनच हालाव.’

लिलाबाईंनी मान हलवली. प्रशील मोबाईलकडे वळून म्हणाला, ‘मन्हा घर शे. मन्ही माय लावस.’ आणि मग एक वाक्य आलं, जे त्याने कंपनीच्या कागदावरून जसंच्या तसं उचललं होतं. पहिल्या पहिल्याने शिट्टी वाजेल, कानात घरघर होईल, घाबरू नका. महिनाभर लावा, सवय होईल, मग बठ्ठं म्हणजे सगळं ऐकू येईल.

आता जीवराम नानांबद्दल सांगायला हवं. नाना एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. सुपडूभाऊंचे जिवलग. बायको वारलेली, मुलगी सपना धुळ्याला दिलेली, त्यामुळे घरात एकटेच. इंजिनाच्या घरघरीने म्हणा की वयाने म्हणा, डावा कान नोकरीतच मंद झाला होता. सगळी भिस्त उजव्यावर. आवाज मात्र दणदणीत. वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना नाना घेत. ते एक ओळ म्हणायचे, मागून सगळे म्हणायचे, मग पुढची. वीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं. प्रशीलला पंचशील त्यांनीच शिकवलं होतं, आणि ‘तुझ्या नावातच शील आहे, चुकून चालायचं नाही’ असं म्हणून कान धरला होता. नाव नानांनीच सुचवलं होतं, त्यामुळे कान धरायचा हक्कही त्यांचाच.

एका शनिवारी सकाळी नाना उठले तर उजवा कान बंद. दुखत नाही, खुपत नाही, नुसता कापूस कोंबल्यासारखा. सर्दी असेल म्हणून रविवारी विहारात न जाता एक दिवस काढला. मग मोबाईलवर प्रशील दिसला आणि त्याच्या शेजारी मान हलवणारी लिलाबाई दिसली. वयाने वहिनीचेही कान उतरले असतील, असं नानांना वाटलं; सांगणारा तर घरचाच माणूस. नानांनी मोबाईल डाव्या कानाशी धरून सगळं ऐकलं आणि लिंक दाबली. गुरुवारी मशीन आलं.

त्या रविवारी विहारात नानांनी वंदना सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला घोळ झाला. लोक मागून म्हणत होते, ते संपायच्या आतच नाना पुढची ओळ म्हणू लागले. लोक अडखळले. नानांनी सगळ्यांकडे पाहिलं, ओशाळले, पुढच्या ओळीला जास्तच थांबले; मग लोकांचं म्हणून झालं तरी नाना गप्पच. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रशील तिसऱ्या रांगेत होता. त्याला नानांच्या कानात ते कातडीच्या रंगाचं मशीन दिसलं, आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. आपल्या लिंकवरून घेतलं, असं मनात आलं.

वंदना संपल्यावर नाना त्याच्याजवळ आले.

‘शिट्टी वाजस रे नुस्ती,’ ते म्हणाले. ‘तू सांगं व्हतं ना, महिनाभर लागस. आज चौथा दिन शे.’

प्रशीलच्या मनात पाल चुकचुकली. नाना, ते मी लावून बघितलेलं नाही, एकदा डॉक्टरला कान दाखवा, एवढंच बोलायचं होतं. तेवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण आजूबाजूला लोक होते. चपला शोधणारे, खीर वाटणारे, त्याच्याच व्हिडिओवरून कुकर नि पंखे घेतलेले. त्यांच्यासमोर कसं बोलायचं? घरी जाऊन सांगू, उद्या सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं आणि तोंड नानांच्या डाव्या कानाजवळ नेलं.

‘लाई ठेवा मशीन, नाना,’ तो म्हणाला. ‘व्हई जाई सवय.’

नाना हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी नानांचा कान बंद होऊन नववा दिवस होता.

सोमवारी प्रशील गेला नाही. मंगळवारी टपरीवर गर्दी होती. त्यानंतरच्या तीन रविवारी नाना विहारात आलेच नाहीत, आणि प्रशीलला, खरं सांगायचं तर, त्यामुळे जरा हायसं वाटलं.

महिना झाला आणि नाना स्वतःच घरी आले. सकाळची वेळ होती. शिल्पा पाणी भरत होती, लिलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नाना खुर्चीवर न बसता लिलाबाईंच्या समोर खाली बसले. कानात मशीन होतं आणि ते बारीक शिट्टी घालत होतं. घरातल्या सगळ्यांना ती ऐकू येत होती, एकट्या नानांना येत नव्हती; महिनाभरात डावा कानही आणखी उतरला होता.

‘वहिनी,’ नाना म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने म्हणाले, ‘महिना भरना. मन्हा कानले काही फरक नही. सपना धुळ्याहून मेसेज धाडस, म्हनस डॉक्टरले दखाडू. मी तिले म्हनं, महिना जाऊ दे, प्रशीलनी सांगेल शे. तुम्हले कितला दिन लागनात?’

लिलाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्यांनी पोराकडे पाहिलं. प्रशील दारात उभा होता.

‘नाना,’ लिलाबाई म्हणाल्या, ‘मन्हा कान चांगला शेतस. मी ते फोटोपुरतं लायेल व्हतं.’

‘काय?’

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. नाना हात कानामागे धरून पुढे झुकले. ‘कितला दिन म्हंतस?’

लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग प्रशील पुढे आला, नानांसमोर उकिडवा बसला आणि ओरडून म्हणाला, ‘नाना, मी ते वापरेल नही.’

नाना त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. प्रशील पुन्हा ओरडला, शिरा ताणून, ‘मायनी बी वापरेल नही. मी खोटं बोलनू.’ गल्लीतून जाणारा एक सायकलवाला थांबला. जी गोष्ट विहाराच्या दारात हळूच कानात सांगता आली असती, ती आता अख्ख्या गल्लीला ऐकू गेली, आणि ज्याला सांगायची त्याला नाहीच.

‘हां, हां,’ नाना समजूत घालावी तसे म्हणाले, ‘सवय व्हई. मन्हाच कान खराब. तुन्ही मायले येस तर मशीनमा काय खोट?’

हे वाक्य प्रशीलला फार लागलं. महिनाभर नाना मशीनला नाही, स्वतःच्या कानाला दोष देत बसले होते. मशीन चांगलंच असणार, कारण ते प्रशीलच्या घरी होतं.

शेवटी शिल्पाने लाइट बिलाचा कागद उलटा करून पेन्सिलीसकट नवऱ्याच्या हातात दिला. प्रशीलने खाली मान घालून लिहिलं, ‘नाना, ते मशीन आम्ही कोणी वापरलं नाही. आई चांगलं ऐकते. व्हिडिओ खोटा होता. महिनाभर लावा हे मी कागदावरून वाचलं होतं.’

नानांनी चष्मा लावला आणि कागद वाचला, आणि तोसुद्धा मोठ्याने, वंदना घ्यायच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत. कंडक्टरची आणि विहाराची सवय. मनात वाचणं त्यांना कधी जमलंच नाही. प्रशीलचं खोटं प्रशीलच्याच घरात नानांच्या खणखणीत आवाजात वाचलं गेलं.

‘पन घरमा व्हतं ना?’ त्यांनी विचारलं. ‘खोकं तरी घरमा व्हतं ना? मंग तू म्हनं ते खोटं नही, भाऊ. घर शे म्हनं, घरमा व्हतं.’

म्हातारा त्याला वाचवायला बघत होता. हीच पळवाट प्रशीलने स्वतःसाठी वर्षभर वापरली होती. आता ती नानांच्या हातून परत येत होती आणि ती घ्यायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. नानांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, कानातलं मशीन काढून मेथीच्या टोपलीशेजारी ठेवलं आणि म्हणाले, ‘चहा टाक, शिल्पा.’

दुसऱ्या दिवशी प्रशील त्यांना पाचोऱ्याहून रेल्वेने जळगावला घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. आवाज आला की बटण दाबा, असं सांगितलं होतं. नाना आवाज नसतानाही बटण दाबत होते, पास व्हायचं असल्यासारखे. काचेबाहेरून ते पाहताना प्रशीलचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी विचारलं, ‘कान बंद पडून किती दिवस झाले?’

‘पाच आठवडे होऊन गेले,’ प्रशील म्हणाला.

‘मग इतके दिवस काय करत होतात?’ डॉक्टर रागावले नव्हते, नुसते थकलेले होते. ‘असा एकाएकी कान गेला की पहिल्या दहा-पंधरा दिवसांत औषध सुरू करावं लागतं. बऱ्याच जणांचं ऐकणं परत येतं. सगळ्यांचं येतं असं नाही, पण येतं. आता या कानाला करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. डाव्याला नीट तपासून मशीन देऊ, थोडी मदत होईल.’

दहा-पंधरा दिवस. प्रशीलने मनात दिवस मोजले, आणि मोजणं विहाराच्या दारात येऊन थांबलं. नववा दिवस. खीर वाटत होते. नानांनी पाठीवर थाप मारली होती. औषधाने कान नक्की परत आला असता असं डॉक्टरही सांगत नव्हते. पण येऊ शकला असता, आणि तेवढं पुरे होतं. परत येताना गाडीत नाना खिडकीशी बसले होते. मधेच वळून म्हणाले, ‘गाडी चालू शे का रे? आवाज येत नही म्हनीसन इचारस.’ खिडकीबाहेर शेतं मागे पळत होती. प्रशीलने मान हलवून हो म्हटलं.

न वापरलेल्या वस्तूंचे सगळे व्हिडिओ त्याने काढून टाकले. मग एक नवा टाकला. त्यात एकेका वस्तूचं नाव घेऊन सांगितलं, की ही मी वापरली होती, ही नाही, ही नाही, हीसुद्धा नाही. आणि शेवटी, कान एकाएकी बंद झाला तर कुणाचाही व्हिडिओ बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याला वाटलं होतं लोक शिव्या घालतील, आणि त्याने थोडं हलकं वाटेल. काहींनी घातल्या. पण पहिली कॉमेंट आली ती अशी: ‘भाऊ, कानाच्या मशीनची लिंक द्या ना.’ पश्चात्ताप कुणाला हवा असतो? लिंक हवी असते. प्रशीलने त्या माणसाला डॉक्टरकडे जा म्हणून लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता चॅनल आहे, पण दोन-तीन महिन्यांत एखादा व्हिडिओ येतो. कंपन्यांनी वस्तू पाठवणं सोडलं. तो टपरीवर बसतो, आणि ‘तुम्हना घर शे का’ विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘नही शे’ म्हणतो. लिलाबाई गल्लीत कुणी कानाचा विषय काढला की उठून आत जातात. मान आपण हलवली होती, हे त्यांच्या मनातून जात नाही.

नानांना डाव्या कानात नवीन मशीन बसलं. त्यातून आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत, सगळी गर्दी एकदम बोलल्यासारखी होते. त्यामुळे वंदना आता त्यांना घेता येत नाही. ती कुणी घ्यायची, हे विहारात ठरत होतं, तेव्हा नानांनी बोट प्रशीलकडे केलं. प्रशील नको नको म्हणत मागे सरला.

‘दुसरा तोंडातल्या तोंडात बोलतस,’ नाना म्हणाले. ‘याले व्हिडिओनी सवय शे. तोंड उघडीसन बोलस. मन्हा डोयाले आयकू येस.’

तेव्हापासून दर रविवारी प्रशील पुढे बसतो आणि त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, नाना बसतात. नजर त्याच्या ओठांवर. प्रशील एक ओळ म्हणतो, नाना ती ओठांवरून उचलतात आणि सगळ्यांबरोबर त्याच जुन्या दणदणीत आवाजात म्हणतात. पहिल्या रविवारी त्रिशरण नीट झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. प्रशीलने ते म्हटलं, मागच्या लोकांनीही म्हटलं. एकट्या नानांनी म्हटलं नाही. त्यांनी कंडक्टर गाडी थांबवतो तसा हात वर केला.

‘ओठ हालनात नही,’ ते म्हणाले. ‘चौथं दिसनं नही माले. फिरी म्हन.’